अर्धा मीटर तार लावून रेंज दुप्पट होत नाही

"मॉड्यूलची स्प्रिंग काढून फेका, अर्धा मीटर तार लावा, नळीला आतून फॉइल लावा, खाली यागी धरा, रेंज दुप्पट!" हौशी रॉकेटवाल्यांमध्ये हा सल्ला उड्डाणाचा मोसम आला की पुन्हा फिरू लागतो. मॉड्यूल म्हणजे रॉकेटमधून ठावठिकाणा खाली पाठवणारा छोटा रेडिओ, स्प्रिंग म्हणजे त्याची गुंडाळलेली अँटेना, नळी म्हणजे रॉकेटचं अंग आणि यागी म्हणजे एकाच दिशेला रोखायची अँटेना.

स्प्रिंगबद्दल मान्य. ती जागा वाचवायची तडजोड आहे, सरळ तार तिच्यापेक्षा नक्की बरी. पण किती लांब? आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना आहे. ८६६ ला तरंगलांबी ३४.६ सेंटिमीटर, म्हणजे पाव तरंग साधारण ८.६, आणि तार तेवढीच हवी. प्लास्टिकचं वेष्टण असेल तर आणखी थोडी आखूड. पावणेनऊला कापायची आणि नॅनोव्हीएनए (अँटेना कोणत्या फ्रिक्वेन्सीला जुळते ते दाखवणारं छोटं उपकरण) लावून मिलिमीटर-मिलिमीटर छाटत जायचं. मॉड्यूलच्या ग्राउंड टोकावरून तेवढीच दुसरी तार उलट दिशेला सोडली की झाला डायपोल, म्हणजे दोन हातांची अँटेना. अर्धा मीटर म्हणजे जवळजवळ दीड तरंगलांबी. तिथे इम्पीडन्स (तारेचा सिग्नलला होणारा विरोध) मॉड्यूलला हव्या असलेल्या ५० ओहमच्या कितीतरी वर जातो, बरीच शक्ती उलटी फिरते आणि उरलेली भलत्याच दिशांना फुटते.

फॉइलवर फार बोलण्यासारखं नाही. धातूच्या नळीतली अँटेना म्हणजे झाकण लावलेल्या डब्यातला दिवा. कार्बन फायबरच्या नळीचंही तेच. पुठ्ठा आणि फायबरग्लास चालतात.

मुळात रेंज कमी पडते हे निदानच चुकीचं आहे. मोकळ्या आकाशात १ किलोमीटरला ८६६ वर सुमारे ९१ डेसिबल घट होते. १०० मिलिवॉट, म्हणजे २० डीबीएम (एका मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेले डेसिबल) पाठवले तर खाली उणे ७१ पोचतात. लोराचा (मॉड्यूल वापरतं ती लांब पल्ल्याची रेडिओ पद्धत) रिसीव्हर एसएफ ७ या सेटिंगला, १२५ किलोहर्ट्झ रुंदीवर उणे १२० च्याही खालचं ऐकतो. जवळजवळ ५० डेसिबल शिल्लक! रेंज दुप्पट करायला ६ पुरतात. मग पॅकेट, म्हणजे माहितीचे तुकडे, का गळतात?

दिशेमुळे. तार आपल्या टोकाच्या दिशेने जवळजवळ काहीच फेकत नाही. रॉकेट थेट डोक्यावर आणि तुम्ही पॅडजवळ उभी अँटेना धरून, म्हणजे दोन्ही टोकं एकमेकांकडे. रिसीव्हर दोनेकशे मीटर बाजूला नेला तर फुकटात फरक पडतो. (पॅडजवळून हलायला कुणी तयार नसतं, कारण फोटो तिथून छान येतात.)

यागीचं कौतुक मलाही आहे. स्टीलच्या मोजटेपचं पातं कापून पीव्हीसी पाइपवर बसवलेली आमची यागी अजून टिकून आहे. पण तिचा झोत अरुंद. सेकंदाला शंभर मीटर चढणाऱ्या रॉकेटमागे ती फिरवताना हात हमखास मागे पडतो. उड्डाणाला खाली साधी पाव तरंगाची उभी तार आणि चार रेडियल (तिच्या बुडाशी चहूकडे पसरलेल्या तारा), पडलेल्या रॉकेटच्या शोधाला यागी, अशी आम्ही वाटणी केली आहे.

शोधाचंही एक सांगतो. आमचं एक रॉकेट कापणी झालेल्या ज्वारीच्या रानात उतरलं आणि पॅकेट बंद झाली. आम्ही यागी उभी धरून बांधावरून फिरत होतो. रॉकेट आडवं पडलेलं, त्यातली तारही आडवी. ध्रुवीकरण, म्हणजे लहरींची उभी-आडवी दिशा, असं काटकोनात गेलं की २० डेसिबलपर्यंत सहज जातात. वैतागून एकाने यागी काखेत मारली, तशी ती आडवी झाली, आणि स्क्रीनवर अक्षांश-रेखांश उमटले. रॉकेट दोन वावरं पलीकडे, धसकटांत पडलं होतं.