खिशातला कांदा आणि काकतालीय न्याय
योगायोगालाच आपण कारण समजून बसतो, हे काकतालीय न्यायावरच्या (म्हणजे कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडण्यावरच्या) एका लेखातले निरीक्षण नागपूरच्या उन्हाळ्यात दरवर्षी पटते. माझे मोठे काका मे महिन्यात सदऱ्याच्या खिशात कांदा ठेवूनच सीताबर्डीला जातात आणि ‘आजवर एकदाही ऊन लागले नाही’ असे ठामपणे सांगतात. डोक्याला बांधलेला ओला दुपट्टा आणि निघण्यापूर्वी प्यायलेले पेलाभर पन्हे मात्र त्यांच्या हिशेबात कधीच येत नाहीत. शरीर थंड राहते ते घाम वाळल्याने, आणि घामावाटे गेलेले पाणी व मीठ खिशातला कांदा भरून काढू शकत नाही. मे २०१३ मध्ये इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा शहरात कांद्याच्या भरवशावर नातवाला पाण्याच्या बाटलीशिवाय भर दुपारी सायकलवर पाठवले जाते, आणि तो चक्कर येऊन परतला तरी ‘कांदा लहान होता’ असे उत्तर मिळते, याची मला खरी चीड येते.