भरतपूरला जायचंय? आधी पाणी किती आहे ते विचारा

दिल्ली-आग्रा-जयपूर दौरा आखायला बसलं की ग्रुपमधला एकजण हमखास म्हणतो, "वाटेतच भरतपूर आहे, दोन तास पक्षी उरकून घेऊ." सकाळी ताज, दुपारी केवलादेव (भरतपूरचं पक्ष्यांचं राष्ट्रीय उद्यान), रात्री जयपूर. माझं स्पष्ट मत आहे की असं करायचं असेल तर केवलादेव वगळाच. दुपारी दीडला चोच पंखात खुपसून झोपलेली बदकं बघायची आणि "एवढं काही विशेष नाही बुवा" म्हणत परतायचं, यात ना तुमचा फायदा, ना त्या बिचाऱ्या जागेचा.

आदल्या रात्री भरतपुरातच मुक्काम करा. मुंबईहून येणाऱ्यांना कोटामार्गे जाणारी गोल्डन टेंपल मेल थेट भरतपूरला उतरवते. आग्र्याहून अंतर पन्नासेक किलोमीटर. उद्यानाच्या गेटजवळ हॉटेलं भरपूर आहेत. त्यांना फोन कराल तेव्हा खोलीचं भाडं आणि गिझर विचारून झालं की आणखी एक प्रश्न विचारा: "यंदा आत पाणी किती सोडलंय?" पुढचा सगळा दिवस या एका उत्तरावर ठरतो.

कारण हे नैसर्गिक सरोवर नाही. २९ चौरस किलोमीटरचा हा सखल भाग अठराव्या शतकात महाराजा सूरजमलच्या काळात बांधलेल्या अजान बांधाच्या पाण्यावर जगतो. बांधातून पाणी सोडायचं, मधल्या मातीच्या बंधाऱ्यांनी अडवायचं, झडपांनी एका कप्प्यातून दुसऱ्यात न्यायचं, अशी सगळी मांडणी. नंतरच्या राजांनी ती वाढवली ती बदकांच्या शिकारीसाठी. उद्यानातल्या केवलादेवाच्या मंदिराजवळ दगडी पाट्यांवर त्या शिकारींचे हिशेब कोरलेत. १९३८ च्या नोव्हेंबरात व्हाइसरॉय लिनलिथगो आले, तेव्हाचा एका दिवसाचा आकडा आहे ४,२७३ पक्षी. लोक या पाट्यांसमोर सेल्फी काढून पुढे जातात. जरा थांबून वाचा.

हंगामाला साधारण ५५ कोटी घनफूट पाणी लागतं. ते पूर्वी गंभीर नदीतून यायचं. वर करौली जिल्ह्यात पांचना धरण झालं आणि शेतकरी विरुद्ध पक्षी असा वाद उभा राहिला. २००४ नंतर काही वर्षं उद्यान अक्षरशः कोरडं पडलं. आता गोवर्धन ड्रेन या नाल्यातून आणि चंबळ नदीच्या पाणीयोजनेच्या नळांतून पाणी येतं, पण नळाचं पाणी आणि नदीचा लोंढा यात फरक आहे. लोंढ्याबरोबर माशांची पिल्लं आणि पाणवनस्पतींचं बी येतं, म्हणजे पक्ष्यांचा शिधाच येतो.

बरं, पाणी नुसतं भरपूर असूनही चालत नाही, उथळ लागतं. रंगीत करकोचा कसा जेवतो ते दहा मिनिटं बघा म्हणजे कळेल. तो मासा बघून पकडत नाही. अर्धवट उघडी चोच पाण्यात बुडवून डावी-उजवीकडे फिरवतो, एका पायाने गाळ ढवळतो आणि चोचीला मासा लागला की खटकन मिटतो. हे गुडघाभर पाण्यातच जमतं, आणि तेही करकोच्याच्या गुडघ्याएवढ्या. तलवार बदक शेपूट वर करून उलटं होतं तेव्हा त्याची चोच तळाला टेकायला हवी. थापट्या बदकं गोल गोल फिरत वरचं पाणी गाळतात. त्यामुळे "तलाव तुडुंब आहे" ऐकून फार हुरळू नका, आणि फेब्रुवारीअखेर पाणी आटतंय म्हणून बेतही रद्द करू नका. आटत्या डबक्यात मासे कोंडतात, मग बगळे, चमच्यासारख्या चोचीचे चमचे, करकोचे एकाच जागी गर्दी करतात. बदकं मात्र मार्चमध्ये उत्तरेची वाट धरतात.

महिना कुठला निवडाल ते काय बघायचंय त्यावर. पाऊस चांगला झाला असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरात पाण्यातल्या बाभळींवर करकोच्यांची वसाहत भरलेली असते. एका झाडावर कितीतरी घरटी, पिल्लांचा कलकलाट, आणि उन्हात पंख पसरून पिल्लांवर सावली धरणारे आईबाप. ते चोचीतून पाणी आणून पिल्लांवर ओततातही. बदकं, पट्टकादंब (डोक्यावर पट्टे असलेले हंस), वारकरी नावाचे काळे पाणपक्षी यांच्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. डिसेंबरअखेर ते जानेवारीचा मध्य या दिवसांत धुक्याचा जुगार असतो. नेमकी नाताळची सुट्टी धरून जाणाऱ्यांना कधीकधी दहा वाजेपर्यंत रिक्षावाल्याच्या पाठीपलीकडचं दिसत नाही. मला विचाराल तर नोव्हेंबरचा शेवट किंवा फेब्रुवारीची सुरुवात. सायबेरियन क्रौंच मात्र विचारू नका. २००२ नंतर ते इथे आलेले नाहीत.

आता प्रत्यक्ष दिवस. गेट उघडायच्या आधी पोहोचा. स्वतःची गाडी बाहेरच ठेवा आणि सायकलरिक्षा घ्या, एका रिक्षात दोघं. भाडं तासावर असतं, दर गेटवर लिहिलेला असतो. घासाघीस करून अंतरावर ठरवलंत तर तो बिचारा पळवणारच, आणि पळवलं की संपलं. यातले अनेक रिक्षावाले वर्षानुवर्षं पक्षी बघत आलेत. आज शिंगळा घुबड कुठल्या फांदीवर बसलंय हे त्यांना ठाऊक असतं. तो जागा दाखवेल, पण ती लोकेशनसकट फेसबुकवर टाकू नका. दुसऱ्या दिवशी तिथे पन्नास कॅमेरे उभे राहतात आणि घुबड जागा सोडतं. ई-रिक्षा आवाज करत नाहीत हे खरं, पण त्या वेगाने अर्धं निसटतं.

सहाजण असाल तर तीन रिक्षा, आणि त्यांच्यात शंभर-दीडशे मीटर अंतर. एकामागे एक चिकटून गेलात तर पहिली रिक्षा पक्षी बघते, उरलेल्या दोन उडालेले पक्षी बघतात. आठच्या वर माणसं असतील तर सरळ दोन गट करा आणि जेवायला भेटा.

मुख्य डांबरी रस्ता गेटपासून साधारण दक्षिणेकडे केवलादेवाच्या मंदिरापर्यंत जातो, पाचेक किलोमीटर. त्यामुळे सकाळी पश्चिमेकडची तळी बघायची, ऊन तुमच्या पाठीशी येतं. परतताना दुपारनंतर पूर्वेकडची. हे उलटं केलं की सगळे पक्षी काळ्या आकृत्या दिसतात आणि मग दुर्बिणीला शिव्या. दुर्बीण ८ बाय ४२ पुरेशी. जास्त ताकदीची हलत्या रिक्षात नुसती थरथरते. बंधाऱ्यांवरच्या पायवाटा मात्र चालतच करा. दिवसातला सगळ्यात चांगला तास तिथेच मिळतो.

अजगर बघायचे असतील तर थंडीतल्या स्वच्छ दिवशी साडेदहा-अकराच्या सुमारास, ते बिळाबाहेर ऊन खायला येतात तेव्हा. जवळ जाऊन फोटो काढलात तर ते परत बिळात शिरतात आणि तो दिवस त्यांचा वाया जातो, कारण ऊब मिळाल्याशिवाय खाल्लेलं पचत नाही. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज लावणं हाही तसाच आचरटपणा.

उघड्या रिक्षात पहाटे गारठा हाडात शिरतो, हातमोजे आणि कानटोपी न्या. पराठे कापडात बांधा. कुरकुऱ्यांच्या पुड्याचा आवाज पाण्यावरून फार लांब जातो.

एक गोष्ट गाइड सहसा सांगत नाहीत. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये आसपासच्या गावांच्या म्हशींना आत बंदी झाली. विरोध झाला, गोळीबार झाला, माणसं गेली. आणि म्हशी गेल्यावर गवताने उघडं पाणी गिळलं. चराईबंदी पाणथळीला मारक ठरली, हे पुढे आपल्या मुंबईच्या बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) दीर्घ अभ्यासातूनच समोर आलं. संरक्षण म्हणजे कुंपण असं मानणाऱ्यांनी केवलादेव जरूर बघावं.

आणि हॉटेलवाला हंगामाच्या सुरुवातीलाच म्हणाला, "साब, इस साल पानी कम है", तर तिकिटं रद्द करून निफाडकडे वळा. तिथलं नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य म्हणजेही माणसानेच अडवलेलं पाणी, गोदावरी-कादवा संगमाजवळचं. चापडगावच्या बाजूने सकाळी सातच्या आत पोहोचा आणि तिथेही निघण्याआधी फोन करून पाण्याची पातळी विचारा.