‘मणक्याला सुरी लावू देऊ नका’ : एका फॉरवर्डला उत्तर

मणक्याच्या ऑपरेशनसाठी दाखल झालेल्या माझ्या एका पेशंट मावशी. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या मुलाने मोबाइल माझ्यासमोर धरला. वर ठळक अक्षरांत ‘मणक्याला सुरी लावू देऊ नका’, खाली हात जोडलेल्या चार इमोजी. हा मेसेज मी इतक्यांदा पाहिलाय की आता पाठ झालाय. शब्द थोडे बदलतात, मुद्दे तेच. ऑपरेशन केलं की पाय जातात. एमआरआयमध्ये गॅप दिसला की डॉक्टर कापायलाच निघतात. आत घातलेले स्क्रू गंजतात. एकदा केलं की दर दोन वर्षांनी करावं लागतं. नंतर तीन महिने अंथरुणातून उठायचं नाही. आणि शेवटी रामबाण उपाय : पंधरा दिवस तेलाने मालिश करा, मग जाणकाराकडून मणका ‘बसवून’ घ्या, गादी जागेवर येते.

मावशी पलंगावर बसून सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, “मग मी सकाळच्या गाडीनं घरी जाते.”

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मणक्याच्या पेशंटला ऑपरेशनआधी तयार करायचं आणि नंतर उभं करायचं, हे माझं रोजचं काम. ऑपरेशन मी करत नाही; ते झालं काय नि टळलं काय, माझा पगार तोच. तेव्हा या मेसेजला उत्तर द्यायला मला हरकत नसावी. मुद्द्यांचा क्रम मात्र माझा.

‘पाय जातात.’ ही भीती सगळ्यात मोठी, म्हणून आधी ही. मज्जारज्जू पाठीच्या तळापर्यंत जातो असं बहुतेकांना वाटतं. तो जात नाही. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याच्या खाली असतो तो नसांचा झुबका, घोड्याच्या शेपटासारखा दिसणारा. त्याला अश्वपुच्छ म्हणतात ते त्यामुळेच. कमरेची बहुतेक ऑपरेशनं होतात चौथ्या-पाचव्या मणक्यात, किंवा पाचव्या मणक्याच्या आणि त्याखालच्या त्रिकास्थीच्या मध्ये. म्हणजे जो मज्जारज्जू कापला जाईल म्हणून झोप उडते, तो तिथे नसतोच. नसेला इजा होऊ शकते का? होऊ शकते. नसांभोवतालचं आवरण फाटणं, जंतुसंसर्ग, पायात रक्ताची गुठळी, हे धोकेही आहेत आणि ते सर्जनने सांगायलाच हवेत. मानेच्या आणि छातीच्या मणक्यात तर मज्जारज्जू असतोच, तिथला हिशोब वेगळा. पण पायातली ताकद गेलेले जे पेशंट मी पाहते, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची ती ऑपरेशनच्या कितीतरी आधीच गेलेली असते. चालताना चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही, हे माणूस दोन-दोन महिने अंगावर काढतो. मग कधीतरी ऑपरेशन होतं, ताकद पुरती परत येत नाही, आणि गावात बातमी पोचते की ऑपरेशनने पाय गेला.

‘गॅप दिसला की कापतात.’ या मुद्द्यात तथ्य आहे, आणि ते मी झाकणार नाही. आधी शब्दाचं बघू. ‘मणक्यात गॅप आलाय’ हे आपल्याकडचं घरोघरचं निदान. गंमत अशी की होतं नेमकं उलटं : मधली चकती, म्हणजे लोक जिला गादी म्हणतात ती, झिजते आणि दोन मणक्यांतलं अंतर कमी होतं. शिवाय ही झीज दुखण्याशिवायही दिसते. कंबर कधीच न दुखलेल्या ३,००० हून अधिक माणसांच्या स्कॅनचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. पन्नाशीतल्या शंभरातल्या ८० जणांत चकतीची झीज होती, ६० जणांत चकती फुगलेली. त्यामुळे नुसता रिपोर्ट बघून कुणी ऑपरेशनची तारीख देत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत जरूर घ्या. रिपोर्टमधली नस आणि पायात कळ जाते ती वाट यांचा मेळ बसला पाहिजे.

आणि सायटिकाचं, म्हणजे नस दाबली जाऊन कमरेतून पायात जाणाऱ्या कळेचं, बहुतेक दुखणं ऑपरेशनशिवाय कमी होतं, हेही खरं. नेदरलँड्समध्ये २८३ पेशंटवर झालेला एक अभ्यास २००७ साली आला. दीड ते तीन महिने जबर सायटिका असलेली माणसं. अर्ध्यांचं ऑपरेशन लवकर केलं, उरलेल्यांना थांबवलं, लागलंच तर नंतर. वर्षाअखेरीला दोन्हीकडे शंभरातले पंच्याण्णव जण बरे झालो म्हणत होते. फरक वेगात होता : लवकर ऑपरेशन झालेल्यांची कळ लवकर थांबली. आणि थांबवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना वर्षभरात ऑपरेशन करून घ्यावंच लागलं. यातून ‘कधीच करू नका’ निघत नाही, ‘सगळ्यांनी करा’ही निघत नाही. निवड असते, आणि निवडायला सहसा वेळही असतो.

सहसा. लघवी तुंबली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर झाला, दोन्ही पाय लुळे पडू लागले, तर हा मजकूर वाचत बसू नका. तो अश्वपुच्छावरचा दाब असू शकतो आणि तिथे हिशोब तासांचा असतो. अशा वेळी मालिशवाल्याकडे गेलेला एक दिवस पुढे आयुष्यभर लघवीच्या नळीच्या रूपाने सोबत राहू शकतो.

मालिशचं निघालंच आहे तर ‘गादी बसवण्या’कडे वळू. गादी सरकत नाही. चकती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते. होतं ते असं : करंजी तळताना कड फुटावी आणि सारण बाहेर यावं, तसं चकतीचं कडं फाटून आतला मऊ भाग बाहेर येतो आणि शेजारच्या नसेवर दाबतो. फुटलेल्या करंजीत सारण बाहेरून दाबून परत भरून दाखवा, मग मणका बसवण्याबद्दल बोलू. मग मालिशने लोकांना बरं वाटतं ते कसं? कारण बाहेर आलेला हा भाग शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं. काही आठवडे, काही महिने लागतात. त्या काळात तुम्ही तेल चोळा, पट्टा बांधा, नाहीतर दर शनिवारी मारुतीला जा. श्रेय ज्याचा नंबर शेवटी लागला त्याला मिळतं. कोमट तेल हलक्या हाताने चोळायला माझी ना नाही, स्नायू सैल पडतात, बरं वाटतं. पाठीवर पाय देऊन कडाकड वाजवण्याला माझा विरोध आहे.

‘स्क्रू गंजतात.’ हे स्क्रू बहुधा टायटॅनियमचे असतात, आणि टायटॅनियम गंजत नाही. ते आतमध्ये कायमचं राहू शकतं आणि पुढे एमआरआयही करता येतो. मुद्दा संपला.

पण स्क्रू सैल होतात, हे मात्र होतं, आणि इथे मेसेज लिहिणाऱ्याच्या हातून खरी गोष्ट निसटली आहे. स्क्रू आणि सळ्या मणके आयुष्यभर धरून ठेवायला नसतात. त्या आधार देतात तेवढ्यात दोन मणक्यांमध्ये हाड जुळून यायला हवं. त्याला सहा महिने ते वर्ष लागतं. हाड जुळलंच नाही, तर कुठलाही स्क्रू शेवटी हलणार. आणि हाड न जुळण्याच्या ठळक कारणांतलं एक म्हणजे निकोटिन. ते बारीक रक्तवाहिन्या आवळतं, नवं हाड धरू देत नाही. जखम उशिरा भरते, संसर्गाची शक्यता वाढते, ते वेगळंच.

त्या संध्याकाळी मी मावशींना विचारलं, “तंबाखू?” “न्हाई.” केसपेपरवरही ‘नाही’च लिहिलेलं होतं. मग उशी सरकवताना खालून चंची निघाली आणि चंचीत पत्र्याची छोटी डबी.

“हे काय?”

“मिश्री हाय. दाताला लावते. खात न्हाई मी.”

मावशी खोटं बोलल्या नव्हत्या. आपल्याकडे कितीतरी बायका मिश्रीला तंबाखू धरतच नाहीत, ते दातवण. दिवसातून चार-पाचदा भाजलेली तंबाखू हिरड्यांवर चोळायची, आणि विचारणाराही ‘खाता का’ एवढंच विचारतो. मावशींचा एक मणका दुसऱ्यावरून पुढे घसरलेला, हाड जुळवण्याचंच ऑपरेशन व्हायचं होतं. पायात ताकद होती, घाई नव्हती. मी सर्जनना डबी दाखवली. मावशी खरोखरच सकाळच्या गाडीने घरी गेल्या, पण मेसेजमुळे नाही, मिश्रीमुळे. किमान चार आठवडे पूर्ण बंद, आणि ऑपरेशननंतरही महिनोन् महिने हात लावायचा नाही, असं ठरवून.

मेसेजमध्ये हे कुठेही नाही, आणि माझा खरा राग तिथे आहे. ज्याला भ्यायला हवं त्याचं नावच नाही. रक्तातल्या साखरेचंच बघा. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ती एचबीएवनसीची तपासणी साडेसात-आठच्या वर असेल, तर बरेच सर्जन घाई नसलेलं ऑपरेशन पुढे ढकलतात, कारण साखर जास्त असली की जखम चिघळण्याची भीती वाढते. किडका दात, पाठीवरचं गळू, लघवीची जळजळ हे ‘किरकोळ’ म्हणून लपवू नका. घरी रेझरने पाठ भादरून येऊ नका. बारीक ओरखड्यांतून जंतू शिरतात. घरातली प्रत्येक गोळी पिशवीत घालून आणा, सांध्यांवरच्या बिनलेबलच्या पुड्यांसकट, कारण अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका, आणि न सांगता चालूही ठेवू नका. हृदयात स्टेंट असलेल्यांनी तर ती आपल्या मनाने मुळीच बंद करायची नाही. उपाशीपोटी म्हणजे काय, हेही नीट समजून घ्या. साधं पाणी साधारण दोन तास आधीपर्यंत चालतं, पण दुधाचा चहा पोटाच्या लेखी जेवण आहे, त्याला सहा तास लागतात. “निस्ता कपभर चहाच तर दिला” या एका वाक्यावर ऑपरेशन पुढे ढकलल्याचे प्रसंग मी मोजणं सोडून दिलंय.

‘दर दोन वर्षांनी करावं लागतं.’ नाही. चकतीचा तुकडा काढल्यावर त्याच जागी पुन्हा त्रास होण्याचं प्रमाण साधारण शंभरात पाच ते पंधरा सांगितलं जातं, आणि त्यातल्या सगळ्यांना दुसरं ऑपरेशन लागत नाही. मणके जोडले की शेजारच्या चकतीवर ताण वाढतो, हे खरं. पण ते वर्षानुवर्षं चालणारं प्रकरण आहे. ‘पुन्हा करावं लागलं’ म्हणणाऱ्यांपैकी काहींची मूळ गडबड वेगळीच असते. चकतीचं ऑपरेशन हे पायाच्या कळेसाठी असतं, कमरेच्या दुखण्यासाठी नव्हे, हे त्यांना आधी कुणी सांगितलेलंच नसतं. कळ बहुधा लवकर थांबते. बधिरपणा रेंगाळतो, ताकद सर्वांत उशिरा येते, कंबर मधूनमधून कुरकुरते. आधी माहीत असलं की माणूस घाबरत नाही. माहीत नसलं की ऑपरेशन ‘फेल’ जातं.

आता ‘तीन महिने अंथरूण’. तुमच्या आजोबांना ऑपरेशननंतर कित्येक आठवडे झोपवून ठेवलं असेल. एके काळी तशी पद्धतच होती. कंबरदुखीला विश्रांती हेच औषध मानत. मग १९८६ साली अमेरिकेत साध्या कंबरदुखीच्या पेशंटना दोन गटांत वाटून एकाला दोन दिवस, दुसऱ्याला सात दिवस झोपायला सांगून पाहिलं. दोन दिवसवाल्यांचे कामावरचे खाडे ४५ टक्क्यांनी कमी भरले, आणि आठवडाभर झोपलेल्यांच्या पदरात जास्तीचं काही पडलं नाही. ऑपरेशननंतर लवकर उठवण्याची शिस्त डेन्मार्कमधल्या हेन्रिक केहलेट यांनी १९९०च्या दशकात आतड्यांच्या शस्त्रक्रियांत बसवली. तीच पुढे मणक्यापर्यंत आली. आज चकतीच्या पेशंटला मी बहुतेक वेळा त्याच दिवशी उभं करते, स्क्रूवाल्यांना त्याच किंवा दुसऱ्या दिवशी. पडून राहिल्याने स्नायू झडतात, छातीत कफ साठतो, पोट साफ होत नाही, पायात गुठळी होऊ शकते.

मात्र उठायचं कसं, हे आधी शिकलेलं असावं लागतं. टाके ताजे असताना, गुंगीत, नळ्या लावलेल्या असताना नवी विद्या डोक्यात शिरत नाही. म्हणून घरी जाताना मावशींना गृहपाठ दिला होता. उताणं असताना गुडघे वाकवायचे. खांदा आणि कंबर एकदम, लाकडाचा ओंडका लोटावा तसं कुशीवर व्हायचं. मधे पीळ नाही. पाय पलंगाखाली सोडायचे आणि त्याच वेळी हाताने रेटा देऊन बसायचं. दिवसातून दहा वेळा. रोज दोन वेळा चालणं, आणि ते तीन चेंडूंचं यंत्र ओढून श्वासाचा व्यायाम.

पाच आठवड्यांनी मावशी परत आल्या, चंचीशिवाय. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मी पडदा ओढून वळले, तोवर त्या कुशीवर झालेल्यासुद्धा होत्या. “असंच नव्हं?” चार पावलं चालल्या, घाम आला, बसल्या. शेजारच्या पलंगावरची, तयारीविना आलेली तरुण मुलगी बघत राहिली.

चौथ्या दिवशी घरी जायच्या आधी त्यांनी विचारलं ते त्या फॉरवर्डमधलं काहीच नव्हतं. “मॅडम, भाकरी कवा थापायची?”

“चूल कुठे आहे, मावशी? ओट्यावर?”

“खाली. शेगडी बी खालीच हाय.”

मी सांगितलं की तीन महिने जमिनीवर बसायचं नाही, वाकायचं नाही, भरलेली कळशी उचलायची नाही. खुर्चीत सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त नको, शौचाला कमोडची खुर्ची लागेल. भाकरी मात्र चालेल. महिन्या-दीड महिन्याने, सर्जनने तपासल्यावर, उभ्याने, एका वेळी दोन-तीनच. फक्त परात आणि तवा कमरेच्या उंचीला पाहिजेत.

मुलाने तोच मोबाइल काढला आणि घरी फोन लावला. “ऐक, शेगडी वर घ्यायचीय. मागच्या खोलीतलं टेबल किती उंच हाय, टेपनं मोजून सांग बघू.”