‘गवत वाळले की कोंबड्या सोडा’ हा आमचा सल्ला चुकीचा होता

सविनय नमस्कार.

हिरवळीची निगा राखण्याच्या आमच्या सेवेला आपण दिलेला एकच तारा आणि त्याखालचा तक्रारीचा मजकूर मी दोनदा वाचला. आपण लिहिले आहे की, आमच्या कामगारांनी हिरवळीवर तणनाशक फवारले, हुमणीच्या, म्हणजे गवताची मुळे खाणाऱ्या अळीच्या, बंदोबस्तासाठी दाणेदार औषध टाकले आणि ‘गवत वाळले की कोंबड्या सोडायला हरकत नाही’, म्हणजे ओला फवारा सुकला की पुरे, असे सांगितले. दुसऱ्या दिवशी सोडलेल्या पाच कोंबड्यांपैकी एक संध्याकाळपर्यंत दगावली, तर दोन पंख लोंबवून, लटपटत्या पायांनी कोपऱ्यात बसून राहिल्या. आपण फोन केला तेव्हा आमच्या कार्यालयातून ‘हे औषध पाळीव प्राण्यांना सुरक्षित आहे’ हे छापील वाक्य आपल्याला वाचून दाखवण्यात आले. यातील एकही गोष्ट मी नाकारत नाही. आपली मनापासून क्षमा मागतो.

कामगाराने जे सांगितले ते त्याच्या मनचे नव्हते. आमच्याच माहितीपत्रकात ते छापलेले आहे, म्हणून दोष त्याचा नसून माझा आहे. ते वाक्य कुत्रा, मांजर आणि मुले डोळ्यांसमोर ठेवून लिहिले होते. कुत्रा हिरवळीवरून चालतो, लोळतो आणि निघून जातो, त्यामुळे ओले औषध त्याच्या पायांना व केसांना लागू नये एवढे पाहिले की बराचसा धोका टळतो. कोंबडी मात्र हिरवळीवर चालण्यासाठी येत नाही, ती हिरवळ खायला येते. ती पात्याचे शेंडे तोडते, माती उकरते, अळ्या आणि गांडुळे वेचते, पानांच्या बेचक्यातले पाणी पिते, मातीत अंग घुसळते आणि नंतर तीच धूळ चोचीने पिसांतून काढते. गवत वाळल्याने यातली एकही वाट बंद होत नाही.

आपला रोख तणनाशकाच्या फवाऱ्यावर आहे. शवविच्छेदनाशिवाय मृत्यूचे कारण ठामपणे सांगता येत नाही आणि त्या अनिश्चिततेचा आधार मला स्वतःच्या बचावासाठी घ्यायचा नाही. तरीही माझा अधिक संशय दाणेदार औषधावर आहे. हे आपल्याला कळणे गरजेचे आहे, कारण पुढे आपण फक्त फवारणी बंद करून दाणेदार औषध चालू ठेवले, तर धोका जिथल्या तिथे राहील. कोंबडीला दात नसतात. ती बारीक खडे गिळते आणि पोटातील पेषणीत त्या खड्यांनी दाणा दळला जातो. हिरवळीवर पडलेला औषधाचा किंवा खताचा कण आकाराने खड्यासारखा किंवा बीसारखाच असतो आणि ती तो शोधून टिपते. आम्ही वापरलेल्या औषधात इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक होते. ते सस्तन प्राण्यांपेक्षा कीटकांच्या मज्जासंस्थेवर कितीतरी अधिक परिणाम करते, म्हणून त्याच्या वेष्टनावरचा मजकूर कुत्र्यामांजरांच्या मालकाला निर्धास्त करतो. पक्ष्यांबाबत मात्र तेवढे निर्धास्त राहता येत नाही. शिवाय औषधाने गुंगलेली हुमणी वर आली की कोंबडीला ती आयतीच सापडते.

हे आमच्या व्यवसायाला आधीपासून ठाऊक असायला हवे होते. डायझिनॉन नावाच्या कीटकनाशकाचा गोल्फची मैदाने आणि विक्रीसाठी वाढवलेली हिरवळ यांवरील वापर अमेरिकेत १९८८ मध्ये बंद करण्यात आला, तो तिथे चरायला उतरणारे पक्षी थव्याने मरत होते म्हणूनच. गवत खाणारा पक्षी आणि हिरवळीवरचे औषध यांचा संबंध इतका जुना असूनही आमच्या पत्रकात पक्ष्यांविषयी एक ओळही नव्हती.

अंड्यांबद्दल आपल्याला कोणीच काही सांगितले नाही, ही आपली तक्रार मला सर्वांत गंभीर वाटली. कवच धरून अंडे पूर्ण व्हायला साधारण एक दिवस लागतो. पण त्यातला बलक त्याआधी आठ-दहा दिवस भरत असतो आणि स्निग्ध पदार्थांत विरघळणारी रसायने त्या काळात त्यात उतरू शकतात. म्हणून कोंबडी बरी दिसू लागली तरी अंडे लगेच निर्धोक झाले असे मानू नये. २०१७ मध्ये युरोपात फिप्रोनिल या कीटकनाशकामुळे लाखो अंडी बाजारातून परत घ्यावी लागली, त्याचे मूळ कोंबड्यांच्या घरांत माइट नावाचे बारीक परजीवी जीव मारण्यासाठी केलेल्या फवारणीत होते. आपल्या कोंबड्यांची अंडी खायला कधीपासून घ्यावीत हे पशुवैद्यांनाच ठरवू द्यावे आणि तोपर्यंतची अंडी टाकून द्यावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आजपासून आम्ही काम घेताना ‘घरात पाळीव प्राणी आहेत का’ एवढ्यावर न थांबता ‘कोंबड्या, बदके किंवा इतर पक्षी आहेत का, आणि शेजाऱ्यांकडे आहेत का’ असे विचारणार आहोत, कारण वाऱ्याने तुषार कुंपणापलीकडे जातात. जिथे कोंबड्या चरतात तिथे दाणेदार कीटकनाशक टाकणार नाही, ग्राहकाने आग्रह धरला तरीही. तणनाशकाची गरज भासलीच, तर तो भाग कुंपण घालून वेगळा करू आणि वेष्टनावरची मुदत संपल्यावरही, दोनदा कापलेले गवत उचलून नेल्याशिवाय तिथे कोंबड्या सोडू नका, असे लेखी कळवू. ते कापलेले गवत खुराड्यात अंथरू नये आणि चारा म्हणूनही घालू नये. तणांसाठी खुरपे आम्ही आनंदाने हाती घेऊ. हुमणीचे म्हणाल, तर औषध न टाकलेली माती उकरून दिली की कोंबड्या तिचा समाचार आमच्यापेक्षा बारकाईने घेतात.

दोन्ही औषधांच्या वेष्टनांच्या आणि त्या दिवशीच्या प्रमाणाच्या नोंदीच्या प्रती आपल्याला आजच पाठवत आहे. त्या पशुवैद्यांना दाखवाव्यात, म्हणजे उपचार अंदाजाने करावे लागणार नाहीत. त्या उपचारांचा पूर्ण खर्च आम्ही देऊ आणि आमच्या कामाचे पैसे परत करू, आणि त्यासाठी ही तक्रार मागे घ्यावी किंवा बदलावी अशी कोणतीही अट नाही. सध्या उरलेल्या चारही कोंबड्या त्या हिरवळीपासून दूर, बंद खुराड्यात ठेवाव्यात आणि पाण्याची व दाण्याची भांडी तिथली असतील तर धुऊन घ्यावीत. उरलेले कण उचलण्यासाठी आपण सांगाल त्या दिवशी मी स्वतः येईन.

आपला,
व्यवसायाचा मालक