नखं आणि भविष्य: एका प्रतिक्रियेला उत्तर

'नखं काय सांगतात' या माझ्या लेखावर 'स्पष्टवक्ता' या टोपणनावाने प्रतिक्रिया आली आहे. ती अशी: "काकू, नखं बघून आजार सांगणं म्हणजे हात बघून भविष्य सांगणं. पांढरे ठिपके कॅल्शियममुळे नसतात. तुमच्या निम्म्या खुणा निरोगी माणसांतही दिसतात. लोकांना घाबरवण्यापेक्षा रक्त तपासायला सांगा."

नमस्कार. तुमचं बरोबर आहे ते आधी मान्य करते. पांढऱ्या ठिपक्यांबद्दल मी चुकले. नखाच्या मुळाशी बारीकसा मार बसला की ठिपका उमटतो आणि नखाबरोबर पुढे सरकतो. लहानपणापासून कॅल्शियमचं ऐकत आले होते, तेच न तपासता लिहिलं. ते वाक्य काढलं आहे.

आता 'काकू'. लेखावर माझं नाव आहे, प्रतिक्रियेवर तुमचं नाही. हाच लेख एखाद्या पुरुषाने लिहिला असता तर तुम्ही 'काका' म्हणून सुरुवात केली असतीत का? मी 28 वर्षं परिचारिका होते. वॉर्डात सगळे मला 'सिस्टर' म्हणायचे आणि त्या हाकेत माझ्या कामाचा मान होता. तुमच्या 'काकू'मध्ये मला 'तुम्हाला काय कळतंय' एवढंच ऐकू आलं.

आणि ते 'हात बघून भविष्य'. दोन दिवस हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. ज्योतिषी अजून न घडलेलं सांगतो. नखात घडून गेलेलं दिसतं. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत यायला त्याला सहा महिने लागतात. मोठं आजारपण आलं की ही वाढ अडते आणि पुढे नखावर आडवी खाच दिसते. बो नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी 1846 मध्ये या खाचांचं वर्णन केलं. खाच मुळापासून किती पुढे गेली ते मोजलं की दुखणं साधारण कधी येऊन गेलं ते कळतं. यात कुठला गुरू आणि कुठला शनी?

बोटांची टोकं फुगून नखं घड्याळाच्या काचेसारखी गोल होतात, हे तर हिप्पोक्रेटिस या प्राचीन ग्रीक वैद्याच्या काळापासून ठाऊक आहे. दोन्ही हातांची तीच बोटं नखाला नख लावून धरा. मध्ये शंकरपाळ्याच्या आकाराची बारीक फट दिसते. ती बुजली असेल तर फुप्फुसं आणि हृदय तपासायला हवं. ही खूण शॅमरॉथ या दक्षिण आफ्रिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांनी 1976 मध्ये सांगितली, तीही स्वतःच्या आजारपणात स्वतःची बोटं बघून. त्यांनाही तुम्ही ज्योतिषीच म्हणणार का? ऑपरेशनला नेण्याआधी आम्ही नेलपॉलिश पुसायला लावायचो तेही नखांचा रंग दिसावा म्हणून, हवं तर एखाद्या सिस्टरला विचारा.

माझ्या आईचं सांगते. मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते, सुट्टीत घरी आले होते. आई धुणं वाळत घालून आली आणि तिच्या अंगठ्याच्या नखात पाण्याचा थेंब तसाच राहिलेला मला दिसला. नख चमच्यासारखं खोलगट झालं होतं. धाप लागते, दमायला होतं, असं ती दोन वर्षं सांगत होती. घरचे म्हणायचे वय झालं, आणि डॉक्टर टॉनिकची बाटली लिहून द्यायचे. मी हट्टाने रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन 6 निघालं. पाळीत फार रक्त जात होतं आणि ते तिने कुणालाही, मलासुद्धा, सांगितलं नव्हतं. पुढे गर्भाशयातली गाठ काढली, लोह सुरू केलं आणि मुळाकडून सपाट नख यायला लागलं. 'रक्त तपासायला सांगा' म्हणताय ना? ते नख दिसलं म्हणूनच रक्त तपासलं गेलं. शिवाय रक्त तपासून घ्या, असं माझ्या लेखाच्या शेवटी स्पष्ट लिहिलेलं आहे. तुम्ही तिथपर्यंत वाचलंच नाहीत, असं मी समजते.

निरोगी माणसांतही दिसतात म्हणता, तर हो, दिसतात. लहान मुलांची नखं कधी कधी खोलगट असतात, वय झालं की उभ्या रेघा येतात. नाही कोण म्हणतंय? त्यावर पुन्हा कधी तरी लिहीन.

राहिलं घाबरवण्याचं. आमच्या वॉर्डात मधुमेहाचे एक आजोबा आले होते. त्यांनी पायाचं जाड झालेलं नख ब्लेडने कापलं होतं. पायाला बधिरपणा, त्यामुळे कापलेलं त्यांना कळलंच नाही. आठवड्याने सुनेला मोज्यावर डाग दिसला. अंगठा काढावा लागला. त्यांचं ड्रेसिंग मी करायचे. बारा वर्षं मधुमेह होता त्यांना, पण रोज पाय बघत जा, असं एकानेही सांगितलं नव्हतं.