खोताची ओटी आणि कुळाचा अंगठा

कोकणावर लिहिलेल्या मराठी कथा-कादंबऱ्यांत खोताला नाव असते, स्वभाव असतो, वंशावळ असते, एखादे व्यसनसुद्धा असते. त्याच्या कुळाला मात्र बहुतेक वेळा हाकेपुरतेच नाव असते. आगराच्या वर्णनात रहाटाची कुरकुर हमखास ऐकू येते, पण बैलांमागे पहाटेपासून फिरणारा गडी कोणत्या वाडीतला, वर्षाकाठी त्याच्या पदरात किती भात पडे आणि तो जेवायला कोठे बसे, हे सहसा कळत नाही. मार्क्सच्या चष्म्यातून साहित्य वाचले की त्यातला रस मरतो, असे आपल्याकडे अजूनही मोठ्या खात्रीने सांगितले जाते. मला याच्या नेमके उलट वाटते. ज्या जगण्याचे हे देखणे वर्णन आहे ते कोणाच्या श्रमावर उभे होते आणि लेखणी कोणाच्या हाती होती, हा प्रश्न बरोबर घेतल्याशिवाय कोकणचे साहित्य पुरते वाचून होतच नाही.

माणसे आपल्या उपजीविकेसाठी ज्या उत्पादनसंबंधांत बांधली जातात, त्यांच्या पायावर कायदा, राजकारण आणि विचारांचे इमले उभे राहतात, असे मार्क्सने १८५९ साली मांडले. त्याच्याही आधी त्याने आणि त्याचा सहकारी एंगल्स याने मिळून लिहून ठेवले होते की उत्पादनाची साधने ज्यांच्या ताब्यात असतात, त्यांचेच विचार त्या काळाचे प्रमुख विचार ठरतात. हे कळायला रत्नागिरी-रायगडच्या माणसाला युरोपातल्या गिरण्यांपर्यंत जावे लागत नाही, खोती पुरेशी आहे. खोत गावाचा सारा सरकारात भरी आणि कुळांकडून खंड घेई. भातशेतीत हा खंड साधारण निम्म्या पिकापर्यंत जाई आणि त्याच्यावर वेठ असे ती वेगळीच. खोताच्या शेतात लावणी आधी, मग स्वतःच्या. खोताच्या घरी कार्य असले की लाकडे, पाणी, पत्रावळी, सगळे कुळाच्या डोक्यावर.

आमच्या घरी पणजोबांच्या नावची एक कबुलायत, म्हणजे कुळाने खोताला लिहून दिलेला करार, जपून ठेवलेली आहे. कागद स्टॅम्पाचा, अक्षर खोताच्या कारकुनाचे, वळणदार मोडी. खंड मी स्वतः घरपोच आणून घालीन, बांधबंदिस्ती माझ्या खर्चाने करीन, आपण मागाल तेव्हा तक्रार न करता जमीन सोडून देईन, अशा आशयाची ती वाक्ये आहेत आणि सगळी प्रथमपुरुषी आहेत. बोलणारा ‘मी’ म्हणजे माझे पणजोबा. त्यांना त्यातले एक अक्षर वाचता येत नव्हते. खाली डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा आहे, शाई थोडी पसरलेली. सत्तेचा विचार करताना मला कोणत्याही ग्रंथापेक्षा हा कागद अधिक शिकवतो, कारण येथे सत्ता कोणाचे तोंड बंद करीत नाही, उलट ती दुसऱ्याच्या तोंडून आपल्याला हवे तेच वदवून घेते आणि त्यावर त्याचाच अंगठा उठवते. ज्या कथांत इमानी कूळ धन्याच्या उपकारांनी गहिवरून बोलते, त्या वाचताना मला हटकून हा कागद आठवतो.

ते कूळ नेहमीच गहिवरलेले होते असे नाही. अलिबाग तालुक्यातील चरी आणि आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली जमिनी कसायचे बंद केले आणि तो संप १९३९ पर्यंत चालला. खारेपाटातली भाताची शेते वर्षानुवर्षे ओस ठेवून, मोळ्या विकून माणसे जगली. एवढा दीर्घ, एवढा पोटाला चिमटा काढणारा लढा जगात कोठेही महाकादंबरीचा विषय झाला असता. मराठी कादंबरीच्या मुख्य रस्त्यावर त्याची पावले किती उमटली, हे ज्याने त्याने आपल्या पुस्तकांच्या कपाटाकडे पाहून ठरवावे.

म्हणून खोताच्या ओटीवरून लिहिलेले सगळे फेकून द्यायचे काय? मुळीच नाही, आणि तसे सांगणाऱ्यांनी एंगल्सही नीट वाचलेला नसतो. एप्रिल १८८८ मधल्या एका पत्रात त्याने फ्रेंच कादंबरीकार बाल्झाकविषयी लिहिले आहे, की हा लेखक राजेशाहीचा कैवारी, त्याची सहानुभूती सारी उमरावांच्या बाजूला. तरीही त्याच उमरावांचे अटळ पतन त्याने स्वतःच्या सहानुभूतीविरुद्ध जाऊन दाखवले आणि हा वास्तववादाचा मोठा विजय आहे. श्री. ना. पेंडसे यांची १९८७ साली आलेली ‘तुंबाडचे खोत’ मी याच नजरेने वाचतो. जगबुडी नदीच्या काठचे ते घराणे पिढ्यान्‌पिढ्या कसे वाढले आणि आतून कसे पोखरत गेले, हे पेंडसे विलक्षण प्रामाणिकपणे दाखवतात. मुरूड-मुर्डीच्या मुलखाची अशी जाण फार थोड्यांना होती. त्यांच्याकडून खोताची ओटी पुरेपूर समजते. कुळाची पडवी समजून घ्यायला दुसरीकडे जावे लागते, इतकेच.

मात्र आपल्याकडच्या मार्क्सवाद्यांनी वर्ग पाहताना जातीकडे पुष्कळदा काणाडोळा केला, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. खोताच्या अंगणात कुणबी आणि महार दोघेही वेठीला जात. पण परतताना दोघांचे पाणवठे वेगळे असत. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ साली याच कोकणात, महाडला झाला तो उगाच नाही. जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली लिहिले, आणि त्यांनीच सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले हजारो शेतकरी त्यासाठी मुंबईत मोर्चाने गेले. त्यात कुणबी होते, आगरी होते, महार होते आणि कम्युनिस्टही सोबत होते. जात आणि वर्ग यांचा हिशेब एकाच वेळी मांडणारे असे क्षण आपल्या इतिहासात थोडे आहेत. खोती कायद्याने संपली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने. पुढे कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरवला आणि कसणारा मालक झाला.

कुळाचा स्वतःचा आवाज ऐकायचा तर जाखडीच्या, म्हणजे कोकणातल्या गाण्या-नाचाच्या, फडावर आणि नमन-खेळ्यांच्या लोकनाट्यात जावे लागते. तेथे मुंबईच्या गिरणीतून सुट्टीला आलेला चाकरमानी स्वतःच कवन रचतो, खोताची, सावकाराची, क्वचित देवाचीही झडती घेतो आणि ‘मी’ म्हणतो तेव्हा तो मी त्याचाच असतो. ती कवने वह्यांत पडून आहेत, वह्या वाळवी खाते आहे, आणि आपण त्यांना ‘लोककला’ म्हणून महोत्सवापुरते बोलावतो. साहित्य म्हणून वाचत नाही.

आज खोत नाही. १९९० च्या फळबाग योजनेनंतर वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या, जमिनींवर हापूस आणि काजू उभे राहिले आणि कुळांचे नातू बागायतदार झाले, याचा मला मनापासून आनंद आहे. पण वर्ग रक्तात नसतो, तो माणसाच्या जागेत असतो. माझ्या नात्यातल्या एका बागेत नेपाळहून आलेले एक कुटुंब राखणीला राहते. झापांची खोप, बाहेर तीन दगडांची चूल. मुलगी शाळेच्या वयाची आहे आणि दिवसभर वानर हाकते. बंदरातल्या मोठ्या नौकांवरचे कितीतरी खलाशीही तिकडचेच आहेत. आजच्या कोकणी कथेत ही माणसे ‘गुरखा’ किंवा ‘खलाशी’ एवढ्याच नावाने येतात आणि पान उलटायच्या आत निघून जातात, अगदी तशीच जशी आमची माणसे जात असत.

म्हणून माझी मागणी साधी आहे. दापोली, चिपळूण, महाड, अलिबाग येथील महाविद्यालयांत मराठीच्या वर्गात जेव्हा जेव्हा खोतांची कादंबरी लागेल, तेव्हा तिच्या शेजारी चरीच्या संपाचा इतिहास, एखादी खरी कबुलायत आणि त्याच तालुक्यातल्या जाखडीची एक वही वाचायला ठेवावी. वह्या ज्यांच्या घरी आहेत त्यांनी कळवावे. मोबाईलवर त्यांचे फोटो काढून ठेवायला येत्या शिमग्यापासून मी स्वतः गावोगाव यायला तयार आहे.