माळा काढायचा नाही म्हणजे नाही

आज डोकं फिरलंय म्हणून लांबलचक लिहितेय. पुतण्या मुंबईहून आला, सोबत कॉन्ट्रॅक्टर. कोयनेच्या बॅकवॉटरला घर आहे तर होमस्टे काढायचाच असं सध्या ज्याचं त्याचं चाललंय, याचंही तेच. टेप लावून घर मोजलं आणि सरळ म्हणाला, "काकू, चूल आणि माळा काढून टाकू, वर पीओपी मारू. एवढा पसारा भरून ठेवता कशाला, तापोळ्यात सगळं मिळतं की आता."

मिळतं ना. पण तापोळ्याला जायला रस्ता लागतो!

२०२१ चा जुलै विसरलात का रे सगळे? महाबळेश्वरला एका दिवसात जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस झाला होता. आमच्याकडं मोऱ्या वाहून गेल्या, रस्ता खचला, लाइट नाही, रेंज नाही, लाँच सोडायची कुणाची हिंमत नाही. शेजारच्या घरात बाळंतीण, नुकतं बारसं झालेलं बाळ, आणि गॅस संपलेला. अंगणातली लाकडं चिंब भिजलेली, नुसता धूर. तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, माळ्यावरचं सरपण खाली टाकलं. वर्षभर चुलीच्या धुरावर वाळलेलं खडखडीत लाकूड, फुंकर मारली की पेटतं. बाळाची शेकशेगडी त्यावर झाली, बाळंतिणीची पेज त्यावर झाली, नाचणी आमच्या कणगीतली, म्हणजे धान्य साठवायच्या बांबूच्या मोठ्या विणलेल्या टोपल्यातली.

याला पसारा म्हणायचं?

आत्याबाईंचा मे महिना कधी बघितलायत? गोवऱ्या आत, पेंढा आत, सुकट-बोंबील उन्हं देऊन डब्यात, खडेमीठ बरणीत, बियाणं राखेत घोळवून माळ्यावर, कारण धूर असतो तिथं कीड लागत नाही. काडेपेट्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून तांदळाच्या डब्यात खुपसलेल्या, कारण आषाढात आमच्याकडं भिंतींना पाणी सुटतं, काडेपेटी बाहेर राहिली की सर्दावलीच. हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत. पाठ मोडेपर्यंत बायका करतात, आणि वर ऐकून काय घ्यायचं तर जुनाट सवयी. संताप येतो हो.

धुरानं डोळे जातात, छाती भरते, मान्य. आत्याबाईंचा खोकला रोज ऐकते मी. रोजचा स्वयंपाक गॅसवरच होतो आमचा, तो कुणी बंद करा म्हणत नाहीये. पण सिलेंडरची गाडी दरड ओलांडून येत नाही, एवढंच.

आणि डोंगरच खाली आला तर कणगी काय करणार, हेही माहीत आहे. माळीण, तळिये, इर्शाळवाडी. तिथल्या घरांतही अशीच बेगमी भरलेली असणार, अशाच कुणाच्यातरी आत्याबाईंनी. हे लिहिताना हात थांबला जरा.

पुतण्यावर राग धरून बसणार नाहीये मी. पोरगं गावात परत यायचं म्हणतंय, इथंच चार पैसे कमवायचं म्हणतंय, ते मला हवंच आहे. पण बाबा, त्या जुलैत तू मुंबईत होतास, आमचा फोन लागत नव्हता म्हणून रडत होतास. आम्ही इथं पेज पीत होतो, गरम. शेजारचं बाळ जगलं, वाढलं, आता आमच्याच पडवीत धुडगूस घालतं. होमस्टे मागच्या परड्यात बांध, पाहुण्यांना भाकरी मी स्वतः थापून देईन, पण घरातली चूल आणि माळा निघणार नाही. आत्याबाईंनाही तसंच सांगितलंय, त्या दुपारपासून काही बोलल्या नव्हत्या, मग जेवल्या.

आता एक काम. आमची एक कणगी बुडाशी खचलीय आणि आमच्या भागात विणणारं कुणी राहिलं नाही. जावळी, पाटण, पोलादपूर, कुठंही चांगला बुरूड माहीत असेल तर इनबॉक्स करा. पावसाआधी हवीय, घ्यायला आम्ही येऊ.